हॅनिबलच्या घरी पितृपक्ष

मेलबर्नहून आल्यापासून घरी येणारी प्रत्येक बाई विचारते, "काय काय पाहिलंत तिकडे?" मी म्हणते, "समुद्र पाहिला, कांगारू पाहिला." मग चहा येतो, विषय बदलतो आणि मी सुटते. चार बायकांत बोलायची मला सवय नाही. कांगारू मी एकच पाहिला, तोही रस्त्याच्या कडेला मरून पडलेला. खरं जे पाहिलं ते तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे. ऱ्हस्व-दीर्घाकडे कोणी पाहू नये.

निलेश माझा एकुलता एक. त्या वर्षांत आमच्या कराडात गल्लीगल्लीतून एक तरी पोरगं ऑस्ट्रेलियाला शिकायला निघालं होतं. हाही अकाउंट्स शिकायला गेला. यांची पिठाची गिरणी होती. निलेश तिकडे असतानाच हे गेले. निलेश आला नाही. पाणी पुतण्याने दिलं. फोनवर एकदा म्हणाला परीक्षा होती, एकदा म्हणाला रजा मिळाली नाही.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. पुतण्या म्हणाला, गिरणी चालू ठेवतो. दीर म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही. कावळा भिंतीवर बसून नुसता बघत राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळे जेवायला गेले. माझ्या मात्र डोक्यातून तो कावळा गेला नाही. यांचा जीव पोरात अडकला आहे, असं मी धरून चालले. वर्षश्राद्ध झालं तरी निलेश आला नाही. मग त्यानेच तिकीट पाठवून मला बोलावलं, तेव्हा मनात एकच होतं. का आला नाहीस हे विचारायचं आणि एकदा तरी त्याला घरी घेऊन यायचं.

पॉइंट कुक

निलेशचं शिक्षण संपलं होतं. कायम राहायच्या कागदांची तो वाट पाहत होता. पॉइंट कुकला एका नव्या घरात भाड्याने राहायचा. घर वस्तीच्या अगदी टोकाला. पलीकडे रस्ते होते, रस्त्यांना पाट्या होत्या, पण घरं नव्हती. नुसते लाकडाचे सांगाडे उभे होते. खाडीवरून वारा आला की तो त्या सांगाड्यांतून शिरायचा आणि कोणी तरी लांब बसून कण्हतंय असा आवाज यायचा.

निलेशबरोबर पुण्याचा तन्मय राहायचा. हॉटेलात कामाला. मी खिडकीतून बाहेर बघत बसलेली पाहून म्हणाला, "काकू, काय शोधताय?"

"माणूस दिसत नाही रे कुठे."

"दिसला की मला पण हाक मारा. फोटो काढून ठेवू."

मी हसले, पण दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर हसू आलं नाही. आमच्याकडे दार लोटलेलं असतं. कोणी येता-जाता 'काय चाललंय' म्हणतं. तिथे दाराला कुलूप, खिडकीला काच आणि सगळीकडे इतकं ऊन, की त्या उन्हाचीच भीती वाटायची. दुपारी बाहेर एक मूल मोठ्याने रडलं. लांबच लांब सूर, शेवटी विरत जाणारा. मी दार उघडून पाहिलं. मूल नव्हतं. कुंपणावर एक कावळा बसला होता. आपल्याकडच्यापेक्षा मोठा, गळ्याला दाढीसारखी पिसं. त्याने मान वळवली तर डोळे पांढरे. मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी निलेशला सांगितलं तर म्हणाला, "इथले कावळे असेच असतात, आई. नो वरीज. पण एकटी घाबरत असशील तर उद्यापासून माझ्याबरोबर शिफ्टला चल. माझ्या म्हाताऱ्याला माणसं आवडतात."

ग्लेन वेव्हर्ली

निलेशचा म्हातारा म्हणजे वॉल्टर, शहराच्या दुसऱ्या टोकाला ग्लेन वेव्हर्लीत राहायचा. शाळेत इतिहास शिकवायचा, आता एकटा. मुलगी तिकडे वर डार्विनला दवाखान्यात नर्स. निलेश रोज जाऊन त्याला अंघोळ घालायचा, खायला द्यायचा, औषधं द्यायचा. मुलीला फोन करून त्याने माझ्याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, खुशाल आणा.

घर जुनं, विटांचं. मागे मोठं परस. परसात कपडे वाळत घालायचं लोखंडी झाड, छत्रीसारखं, वाऱ्याने आपोआप करकरत फिरणारं. वॉल्टर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. उंच, हाडं मोठी, एक डोळा निळा आणि दुसरा दुधासारखा. तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत काही तरी विचारलं.

निलेश हळूच म्हणाला, "आई, तो विचारतोय, ही बाई कार्थेजहून आली का? हो म्हण. मान हलव नुसती."

मला परक्या पुरुषासमोर वर बघायचीच लाज. मी मान हलवली.

म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः समोर बसला आणि निलेशला काही म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, घरून काय निरोप आणलाय?"

"कुणाच्या घरून?"

मग निलेशने मला सांगितलं. कार्थेज म्हणजे फार जुन्या काळचं एक शहर, समुद्राकाठचं. तिथला सेनापती हॅनिबल. वॉल्टरने जन्मभर शाळेत त्याच्या लढाया शिकवल्या. आता म्हातारपणी कधी त्या शिकवल्यासारख्या सांगतो, कधी स्वतःच्या असल्यासारख्या. "डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. मी घालत नाही. आणि खरं सांगू का, आई, ऐकायला बरं वाटतं."

मला ते खेळासारखं वाटलं नाही. ज्या घरातून आपण आलो नाही, तिथून आलो म्हणून सांगितलं होतं. आणि आता तिथला निरोप माझ्याकडे मागितला जात होता.

त्या दिवशी निलेश खाली बसून वॉल्टरच्या पायांना तेल चोळत होता. यांचे पाय त्याने असे चेपल्याचं मला आठवत नाही. वॉल्टर बोलत होता, निलेश मला मराठीत सांगत होता.

"हा लहान होता, नऊ वर्षांचा. बाप मोठा सेनापती, पण रोमकडून हरून आलेला. परत समुद्रापलीकडे निघाला. पोरगं म्हणालं, मलाही न्या. बापाने त्याला देवासमोर उभं केलं. बळीवर हात ठेवायला लावला, आणि..." निलेश थांबला. "आणि बेलभंडारा उचलायला लावला म्हण. की जिवात जीव असेपर्यंत मी रोमचा वैरी."

"तिकडे कुठला रे बेलभंडारा!" मला हसू आलं.

निलेश हसला नाही. तो पाय इतक्या जोराने चोळायला लागला की वॉल्टर ओरडला, "ईझी, मेट!"

त्यानंतर रोज जात राहिले. रोज वॉल्टर आधी निरोप विचारायचा, मी मान खाली घालायचे, मग तो पुढे सांगायचा. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडले. वाट गोठलेली, जनावरं घसरून दरीत गेली. खडक तापवून त्यावर आंबूस दारू ओतून फोडले. डोंगर उतरून मोठ्या सैन्याला मध्ये घेऊन चारी बाजूंनी आवळलं, आणि मेलेल्या सरदारांच्या बोटांतल्या अंगठ्या गोळा करून घरी पाठवल्या. हे सांगताना वॉल्टर स्वतःची बोटं एकेक करून चाचपायचा.

एकदा सांगता सांगता परसात धप्प आवाज झाला. शेजारच्या पोरांचा चेंडू कुंपणावरून पडला होता. तिकडे चेंडू गोल नसतो, लांबट असतो, नारळासारखा. वॉल्टर काठी न घेताच उठला. परसात जाऊन तो चेंडू त्याने दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरून आत आणला आणि टेबलावर ठेवून त्यावर पांढरा टॉवेल झाकला. मग त्या टॉवेलवर हात ठेवून रडू लागला. आवाज नव्हता. चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. दुधाळ डोळा कोरडा.

"त्याचा भाऊ मदतीला येत होता," निलेश म्हणाला. "वाटेतच मारला. शत्रूने त्याचं डोकं कापून याच्या छावणीत टाकलं. त्याला तसं कळलं."

बाहेर पोरं हाका मारत होती. निलेशला तो चेंडू नेऊन द्यायचा होता, पण टॉवेल उचलायला त्याचा हात होईना. मग मीच मनातल्या मनात रामराम म्हणत उचलला. चेंडू हाताला गरम लागला. उन्हात पडला होता म्हणून असेल.

पाणथळ

रविवारी सकाळी निलेश मला घराजवळच्या पाणथळीवर फिरायला घेऊन गेला. गवत, चिखल आणि पुढे खाडी. धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं कळत नव्हतं. धुक्यातून एकामागून एक काळ्या माना वर आल्या. मला वाटलं, माणसं पाण्यात गळ्यापर्यंत बुडून चालत येताहेत. मी निलेशचा दंड धरला.

"हंस आहेत, आई. इथले हंस काळे."

काळे हंस, पांढऱ्या डोळ्यांचे कावळे. देवाने या देशात रंग उलटे भरले आहेत असं मला वाटलं. बघता बघता माझा पाय चिखलात गेला आणि चप्पल आतच राहिली. निलेशने कोपरापर्यंत हात घातला, पण चिखलाने काही ती परत दिली नाही.

एका पायाने अनवाणी मी दगडावर बसले. निलेश म्हणाला, "हॅनिबल असाच दलदलीतून गेला. दिवसरात्र पाण्यात. निजायला कोरडी जागा नाही, मेलेल्या जनावरांवर माणसं निजायची. तिथे त्याचा डोळा गेला."

"आणि मग?"

"मग काय, पुढे गेला. पंधरा-सोळा वर्षं त्या मुलखात फिरत राहिला. एकदा रोमच्या वेशीपर्यंत गेला आणि मागे फिरला."

"घरी कधी गेला?"

"नाही गेला."

"का?"

निलेश धुक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या वॉल्टरलाच विचार."

मी आजवर परक्या माणसाला स्वतःहून प्रश्न विचारलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी निरोप मागायच्या आत मीच म्हटलं, "त्यांना विचार, इतकी वर्षं घरी का नाही गेलात?"

वॉल्टरने आधी निलेशकडे पाहिलं. मग हळूहळू बोलला. निलेश ऐकत राहिला, पण मराठीत काही सांगेना.

"सांग ना."

"म्हणतो, जिंकत होतो तेव्हा कोणी बोलावलं नाही. हरायला लागल्यावर बोलावलं. आणि मधल्या काळात जायचं म्हटलं तरी..." त्याने मान खाली घातली. "म्हणतो, बापाला शब्द दिला होता. बाप मेलेला. मेलेल्याकडून शब्द परत कसा मागायचा?"

निलेश उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला. वॉल्टर माझ्याकडे त्या एका डोळ्याने बघत होता. आमच्या घरातलं काही तरी या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, असं मला तेव्हा वाटलं.

सर्वपित्री

पितृपक्ष चालू होता. सर्वपित्रीला पान ठेवायचंच, असं मी ठरवलं होतं. निलेशला त्या दिवशीही शिफ्ट. म्हणाला, "वॉल्टरच्या परसातच ठेवू. मुलीला सांगितलंय मी." बर्फात ठेवलेलं केळीचं पान दुकानात मिळालं. कारलीही मिळाली. हे कारल्याची भाजी आधी खायचे, बाकीचं नंतर. सकाळी पॉइंट कुकलाच सगळा स्वयंपाक केला. भात, वरण, खीर, वडे, भोपळा, गवार, कारलं, आमसुलाची चटणी, कढी. तन्मय नुसत्या वासाने व्याकूळ झाला होता. त्याला म्हटलं, "आधी त्यांचं, मग तुझं." तो म्हणाला, "काका, लवकर या हो, भूक लागलीय." मला तेव्हा हसू आलं होतं.

वॉल्टरने त्या आठवड्यात खाणं सोडलं होतं. नुसतं पाणी घोटभर. मुलगी डार्विनहून निघायची होती. आम्ही गेलो तेव्हा तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. निलेशने परसातलं टेबल पुसलं. मी पान वाढलं, भोवती पाणी फिरवलं, कढीची वाटी ठेवली. निलेशला म्हटलं, "हात जोड." त्याने जोडले.

तसाच एक पांढऱ्या डोळ्यांचा कावळा आला. लोखंडी झाडाच्या दांडीवर बसला. वाऱ्याने झाड करकरत फिरायचं आणि त्याच्याबरोबर कावळाही फिरायचा. पाठ, मग डोळा. पाठ, मग डोळा. खाली काही येईना.

मी मनात म्हटलं, निलेशला घेऊन येते. झाड फिरलं. म्हटलं, त्याचं लग्न करते. फिरलं. तोच घाट, तीच भिंत.

"निलेश, तू बोल काही."

"काय बोलू?"

"तुझ्या बाबांशी काय बोलायचं ते."

तो पानाकडे एक पाऊल सरकला. आणि मागे दार वाजलं.

वॉल्टर उभा होता. अंगात लांब कोट, पायात काही नाही. काठी नाही, आधार नाही. तो सरळ टेबलापाशी आला, खुर्ची ओढली आणि पानावर बसला. मी पुढे झाले, पण त्याला धरायला हात उचलेना. गेलेल्याच्या पानावर जिवंत माणूस बसला होता. आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नसेल. त्याने चमचा मागितला नाही. उजव्या हाताने आधी कारल्याची भाजी घेतली. ती संपवली. मग वरणभात. मग खीर. शेवटी कढी प्यायला आणि वाटी पानाच्या कडेला उपडी घातली.

हे पुरे म्हणायचे नाहीत. वाटी उपडी घालायचे.

मी निलेशकडे पाहिलं. त्यानेही ती वाटी पाहिली होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. वॉल्टर त्याच्याकडे बघून दोन-तीन वाक्यं बोलला, अगदी साध्या आवाजात, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं.

"काय म्हणाला?"

निलेश पायरीवर बसला. "म्हणाला, घरून शेवटी जेवण आलं. आता शब्द फिटला. तू जा, मुला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"काय नव्हतं सांगितलं?"

मग ते बाहेर आलं. तो ऑस्ट्रेलियाला निघाला त्या दिवशी पहाटे मी माजघरात चिवड्याचे डबे भरत होते. यांनी त्याला देवघरासमोर उभं केलं. शेजारचा एक मुलगा परदेशातून रिकाम्या हाताने परत आला होता आणि चौकात बसायचा. लोक त्याला हसायचे. हे म्हणाले, तुझं तसं व्हायला नको. तिथे कायमचं नक्की झाल्याशिवाय हा उंबरा चढायचा नाही. उचल बेलभंडारा. आईला सांगायचं नाही.

"बाबा म्हणाले, मी मेलो तरी. मला हसू आलं, आई. मी हसत हसत उचलला." तो रडत होता. "बाबा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी बॅग घेऊन एअरपोर्टला गेलो होतो. तिकीट हातात होतं. काचेच्या दारापर्यंत गेलो आणि आत पाय टाकता येईना. परत फिरलो."

मला भयंकर राग आला. निलेशचा नाही. मी त्या पानाकडे, त्या उपड्या वाटीकडे वळले. आयुष्यात यांच्याशी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. त्या परक्या देशात, परक्याच्या परसात मी ओरडले, "ऐकलंत ना? पोटभर जेवलात ना? मग सोडा आता त्याला! पोर आहे ते, फौज नाही तुमची!"

कुंपणापलीकडे कोणी तरी खिडकी लावली. झाड फिरायचं थांबलं. वारा पडला म्हणून असेल. कावळा खाली उतरला, टेबलावर वॉल्टरच्या हाताशेजारी येऊन बसला आणि पानावर उरलेला वडा चोचीत धरून छपरावरून निघून गेला. वॉल्टरने हात हलवलाही नाही. तो शांत डोळे मिटून बसला होता. ओठाला खीर लागली होती.

त्यानंतर तो पुन्हा जेवू लागला. निरोप त्याने परत विचारला नाही. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. मुलगी आली होती, तिने माझा हात हातात घेतला. निलेशने मुद्दाम हॅनिबलचं नाव काढलं. वॉल्टर थोडा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "हो, शिकवायचो मी ते. फार पूर्वी. पुअर ब्लोक, बिचारा." आणि मला विचारलं, मी कुठली. निलेशने सांगितलं, कराडची.

कराड

निलेशचे कागद अजून आले नव्हते. तरी तो माझ्याबरोबर आला. विमानात तो सगळा वेळ झोपला.

घरी पोचलो तेव्हा सकाळ होती. जाऊबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. आधी मी आत गेले, मग त्यांच्या हातातून तुकडा घेऊन निलेशवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला. जाऊबाई म्हणाल्या, "अरे ये की आत, पाहुणा आहेस का?" तरी हलेना.

"बाबा, आता येऊ?" तो म्हणाला.

त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे देवघराकडे होती. मी मागे वळून पाहिलं नाही. घरात आवाज नव्हता. मग निलेशने, कोणी काही सांगितल्यावर हलवावी तशी, मान हलवली आणि उंबरा चढून आत आला.